जुन्या गाडीचं कूलंट : अर्धं काढणं आणि पूर्ण काढणं

मंडळी, गेल्या खेपेला आपण इंजिन ऑइलबद्दल बोललो. आज कूलंट. हा विषय आम्ही मुद्दाम मे महिन्याच्या तोंडावर घेतला आहे, कारण आणखी पंधरा दिवसांनी तुमच्यातले निम्मे लोक गावाला निघतील आणि खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून वाफा काढत उभ्या असलेल्या गाड्या पाहतील. त्या गाड्यांत आपली गाडी नसावी, एवढाच आजचा हेतू.

आमचीही एकदा होती. कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. निघण्याच्या आठ दिवस आधीच आम्ही कूलंट बदलून घेतलं होतं, त्याची पावतीसुद्धा डॅशबोर्डच्या खणात होती. तरी घाटात काटा वर चढला, आणि पुढे हेड गॅस्केट गेलं. इंजिन उघडल्यावर आत जे दिसलं तो तांबूस, चहाच्या चोथ्यासारखा गाळ होता. म्हणजे बदललं काय होतं? रेडिएटरमधलं. इंजिनातलं होतं तिथेच राहिलं होतं.

इथूनच सुरुवात करू. कूलंट फक्त रेडिएटरमध्ये नसतं. सिलिंडरांच्या भोवती ब्लॉकमध्ये पोकळ जागा असते, हेडमध्ये असते, हीटर असेल तर डॅशबोर्डच्या मागे त्याचा छोटा रेडिएटर असतो, शिवाय हे सगळं जोडणारे पाइप. रेडिएटरच्या तळाची तोटी सोडली की त्या पातळीच्या वरचं जे सहज वाहून येतं तेवढंच येतं. बऱ्याच गाड्यांत ते एकूणच्या अर्ध्याच्या आसपास भरतं. बाकीचं ब्लॉकमध्ये बसून राहतं.

आता कोणी म्हणेल, राहिलं तर राहिलं, बिघडतं काय? कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं. ग्लायकॉलमुळे उकळण्याचा बिंदू वर जातो आणि गोठण्याचा खाली येतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुण्या-नाशकात त्याचा उपयोग नाही म्हणून लोक हसतात, पण उरलेल्या दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे उकळणं. रेडिएटरचं झाकण हे साधं झाकण नाही, ती कुकरची शिट्टीच आहे. आत दाब धरून ठेवते आणि त्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि चांगलं कूलंटही लवकर उकळतं. म्हणून जुन्या गाडीत कूलंटबरोबर झाकणही बदला, त्याची किंमत किरकोळ असते.

दुसरी गोष्ट गंजाची, आणि जुन्या गाडीत खरी लढाई तीच. हेड बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं, ब्लॉक अनेकदा बिडाचा, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ आणि डाग दिलेले सांधे. इतके धातू एकाच गरम पाण्यात बुडालेले असले की ते एकमेकांना खातात. गंजरोधक रसायनं हे थांबवतात, पण ती स्वतः खर्च होत जातात. ग्लायकॉलसुद्धा वर्षानुवर्षं तापून आम्लात बदलत जातं. म्हणजे जे द्रव इंजिनाचं रक्षण करत होतं, तेच शेवटी त्याला खायला लागतं. अशा आंबलेल्या द्रवात नवं ओतलं तर नव्याची ताकद जुन्याला सावरण्यातच संपते.

हिरवं आणि लाल एकत्र चालतं का, हा प्रश्न दर वेळी येतो. रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याचं ठरलेलं प्रमाण नाही. आतली रसायनं कोणत्या जातीची आहेत ते डब्यावर वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं, नव्या सेंद्रिय आम्लवाल्याचं आयुष्य पाच वर्षांच्या आसपास असतं. दोन्ही मिसळलं तर निदान ते जास्तीचं आयुष्य जातं, आणि काही मिश्रणांत चक्क साका धरतो.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्री लावलेली गाडी सकाळी घ्यावी. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, आतलं कूलंट उकळत उसळतं आणि तोंडावर, हातावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो वगैरे धाडस नको.

हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवा. काही जुन्या गाड्यांत ती गारवर असली की हीटरकडे जाणारा मार्गच बंद असतो आणि तिथलं कूलंट अडकून राहतं. झाकण काढा, खाली पसरट घमेलं ठेवा, तोटी सोडा. तोटी जाम असेल तर पक्कड लावून झगडू नका, जुनं प्लास्टिक तुटतं. त्याऐवजी खालचा होज पाइप काढा. तसाही तो काढून पाहण्यासारखा असतो. दाबून बघा, मऊ पडलेला किंवा चिरा गेलेला असेल तर आत्ताच बदला.

ब्लॉकला निचऱ्याचा वेगळा बोल्ट असेल आणि तो सुटला तर उत्तम, बहुतेक सगळं बाहेर येईल. पण वीस-पंचवीस वर्षं न हललेला बोल्ट सहसा सुटत नाही. जोर लावून तो तुटला तर काम कूलंटचं राहत नाही, लेथवाल्याचं होतं. अशा वेळी आम्ही धुण्याचा मार्ग घेतो.

रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने भरायचा, गाडी चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवायची. वरचा पाइप एकदम गरम झाला की तो उघडला असं समजा. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. मग पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

किती वेळा करायचं? हिशेब सोपा आहे. दर वेळी निम्मं आत उरतं असं धरा. पहिल्या भरण्यानंतर जुनं ५० टक्के, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर साडेबारा, चौथ्यानंतर सहाच्या आसपास. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत करायचं. बोअरच्या पाण्याने मात्र करू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, बादलीला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनात बसतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. धुऊन झाल्यावर ब्लॉकमध्ये पाणी आहे. समजा एकूण क्षमता ४ लिटर आणि आत २ लिटर पाणी उरलंय. वरून तुम्ही तयार मिसळलेलं, निम्मं पाणी असलेलं कूलंट २ लिटर ओतलं. ग्लायकॉल किती गेलं? १ लिटर. म्हणजे ४ लिटरमध्ये फक्त २५ टक्के, आणि गंजरोधकही निम्मंच. अशा ठिकाणी न मिसळलेलं, शुद्ध कूलंट घ्यायचं. ते २ लिटर गेलं की आतल्या पाण्याशी मिळून बरोबर निम्मं-निम्मं होतं. आमच्या घाटातल्या प्रसंगानंतर हा हिशेब आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. उलट चूकही नको. नुसतं शुद्ध कूलंट भरलं तर ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

भरताना हळूहळू ओता, मधूनमधून वरचा पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर हवा लवकर निघते. झाकण उघडं ठेवून गाडी थंडपणीच चालू करा, पातळी उतरेल तसं भरत राहा. पातळी स्थिरावली की कूलंट उसळायच्या आत झाकण लावा आणि पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हवा अडकून राहिली तर काटा खोटं बोलतो, कारण त्याचा सेन्सर द्रवात नसून वाफेत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडी उतरलेली असते.

काढलेलं कूलंट गटारात, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. हे आम्ही कळकळीने सांगतो. ते चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्याशा प्रमाणातही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. घमेलं उघडं ठेवून चहाला जायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ लिहा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला ते घेतात का विचारा.

श्रोत्यांमधून दोन प्रश्न आलेत. एका काकांनी विचारलंय, रेडिएटर गळत असेल तर हळद टाकतात, ते खरं का? खरं आहे, गळती थोडा वेळ थांबते. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. घाटातून खाली यायला टाकली असेल तर ठीक, पण मग रेडिएटर काढून दुरुस्त करा आणि आज सांगितलं तसं सगळं धुवा.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. मेकॅनिक म्हणाला, आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून टाकू. नको, ताई. इंजिन पुरेसं तापलं नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा बसवा. आणि तो तुमच्या हातात द्यायला सांगा. चहाच्या भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा, उकळण्याच्या आत उघडला तर चांगला. मात्र ते भांडं परत चहाला वापरू नका.