जखम भरली, पण बोट अजून बधिरच!

जबलपूरजवळच्या भेडाघाटला धुआंधार धबधब्याकडे जाताना वाटेवर दगडी वस्तूंची दुकाने लागतात. मऊ दगडातून कोरलेली शिवलिंगे, नंदी, गणपती पर्यटक कौतुकाने हातात घेऊन पाहतात. या वस्तू घडवणाऱ्याच्या एका हातात हातोडी असते, तर दुसऱ्या हाताच्या बोटांत छिन्नी. घाव जरा चुकला की तो बोटावरच बसतो. मग हळद, पट्टी, फार तर दोन टाके, आणि पंधरवड्यात माणूस पुन्हा कामावर!

पण कधी कधी खपली पडून महिना उलटला तरी बोटाचे टोक लाकडासारखे वाटत राहते. कारागिराच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. मूर्तीचा गाल गुळगुळीत झाला की नाही, हे डोळ्यांच्या आधी बोटच सांगते. ती जाण गेली तर निम्मे कसब गेले.

हा अनुभव विळीवर बोट कापलेल्या गृहिणीला येतो, दारात बोट चेमटलेल्या मुलाला येतो आणि शस्त्रक्रियेनंतर व्रणाभोवतीची जागा बधिर राहिलेल्या रुग्णालाही येतो. ‘जखम तर भरली, मग हे काय?’ हा सगळ्यांचाच प्रश्न असतो.

कातडी लवकर, मज्जातंतू सावकाश

प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी स्पर्शाचे मज्जातंतू टोकापर्यंत जातात. त्यामुळे एका कडेला खोल जखम झाली तर बोटाची तेवढीच बाजू बधिर होते. कातडी दहा-पंधरा दिवसांत जुळून येते; मज्जातंतूचे वेळापत्रक मात्र वेगळे असते.

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात तंतू फक्त दबलेला किंवा मुका मार लागलेला असतो. तो बहुधा काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रकारात आतला धागा तुटतो, पण बाहेरचे आवरण शाबूत असते. त्या आवरणातून नवा धागा पुढे वाढतो. त्याची गती दिवसाला साधारण एक मिलिमीटर! म्हणजे तळहातापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या दहा सेंटिमीटरसाठी तीन-चार महिने सहज लागतात. तिसऱ्या प्रकारात आवरणासह सारा तंतू तुटतो. तो आपोआप नीट जुळण्याची आशा फारशी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने तो शिवावा लागतो. हे काम जितके लवकर होईल तितके चांगले. म्हणून धारदार वस्तूने खोल कापल्यावर पुढचा भाग बधिर वाटला, तर टाके घालण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

घरच्या घरी ओळखा

डोळे मिटून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी कापसाचा बोळा आधी चांगल्या बोटावर व मग बधिर बोटावर फिरवायला सांगा. दोन्हींतला फरक लक्षात ठेवून दर महिन्याला पुन्हा तपासा. दुसरी खूण पाण्याची. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. ज्या भागाचा मज्जातंतू तुटला आहे, तिथली कातडी बहुधा गुळगुळीतच राहते.

व्रणावर हलकेच टिचकी मारल्यावर बोटाच्या टोकाकडे मुंग्या धावल्या तर घाबरू नका. ही खूण फ्रान्सचे जूल तिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमन यांनी १९१५ साली वेगवेगळी नोंदवली. मुंग्या सुरू होण्याची जागा महिन्यागणिक टोकाकडे सरकत असेल, तर नवा धागा वाढतो आहे असे समजावे.

खरा धोका दुसऱ्या जखमेचा

बधिर बोट दुखत नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांचा बारकाईने अभ्यास केला. बोटे आजारामुळे झडतात हा तेव्हाचा समज होता. न जाणवलेले चटके, काप आणि दुर्लक्षित जखमा यांमुळे बोटांची हानी होते, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हा त्यांच्या कामाचा सारांश.

म्हणून आपल्याकडचा आवडता उपाय, गरम शेक, बधिर जागेवर कधीही देऊ नये. चटका बसलेला कळणार नाही आणि फोड मात्र येईल. तेलाने हलके चोळायला हरकत नाही, पण त्याने तंतू लवकर वाढतो असे समजू नये. गरम भांडे चिमट्याने किंवा जाड फडक्यानेच उचलावे आणि रोज रात्री बोट डोळ्यांनी नीट तपासावे. जिथे स्पर्श सांगत नाही, तिथे डोळ्यांनी राखण करावी!

बोटाला पुन्हा शिकवा

स्पर्श परतू लागला तरी सुरुवातीला मेंदूला तो नीट उमगत नाही. त्यासाठी रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे सराव करावा. डोळे मिटून तांदूळ, तूरडाळ, किल्ली, नाणे, रेशमी आणि सुती कापड चाचपावे, ओळखावे. मग डोळे उघडून खात्री करावी. मुलांसाठी तर हा खेळच होईल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बोट वाकत नसेल, पकड ढिली पडली असेल, बधिरपणा पसरत असेल किंवा मुक्या मारानंतर तीन महिन्यांत काहीच फरक पडला नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे. मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीतून इजा कोणत्या प्रकारची आहे याचा अंदाज येतो.

जखम झालेली नसताना बधिरपणा आला तर त्याची कारणे वेगळी असतात. दोन्ही पाय बधिर होत असतील तर मधुमेहाची तपासणी करावी. कातडीवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगावरील औषधे तिथे मोफत मिळतात. सतत थरथरणारी यंत्रे चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर पडतात, हे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली अमेरिकेतील इंडियानाच्या दगडकामगारांमध्ये नोंदवले होते. विजेच्या यंत्राने दगड घासणाऱ्यांनी म्हणूनच मध्ये मध्ये हातांना विश्रांती द्यावी. आणि चेहरा किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

बाकी जखमेनंतरच्या बधिरपणात धीर हेच मोठे औषध. वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ सुधारणा होत राहते. काहींच्या बोटात थोडी उणीव कायमची राहते, पण तिच्यासह काम करता येते. मात्र धीर धरणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे, हे विसरू नये.