वरच्या मजल्यावरची पोती

महाडात सावित्री आणि गांधारी फुगू लागल्या, की खालच्या मजल्यावरचे धान्य व माल वर चढवण्याची धांदल उडते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तर शहर बुडालेच होते. महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नात्यासारख्या भातशेतीच्या गावांतही आता स्लॅबची घरे झाली आहेत. माल पाण्यापासून वाचतो खरा. पण त्याच्या ओझ्याखाली स्लॅबचे काय होते?

खडूची कांडी दोन्ही टोकांना धरून वाकवा. ती ताणल्या जाणाऱ्या बाजूने तडकते. काँक्रीटही दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून ताणाच्या जागी पोलादी सळ्या घालतात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या मध्यभागी त्या खालच्या अंगाला असतात. बाहेर काढलेल्या गॅलरीचे उलट असते. तेथे ताण वरच्या अंगाला येतो. काँक्रीट ओतताना पायांखाली त्या सळ्या खाली दबल्या, तर गॅलरी जवळजवळ सळ्यांविनाच उभी राहते!

आता थोडे गणित. १२ सेंमी जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजनच दर चौरस मीटरला ३०० किलो. राहत्या खोलीसाठी भारतीय मानक त्यावर २०० किलो धरते, शाळेच्या वर्गासाठी ३००. खोलीचे झाले ५००. सुरक्षिततेसाठी दीडपट केले की ७५०. पन्नास किलोचे आडवे पोते सुमारे अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. पाच-पाच पोत्यांच्या थप्प्या खोलीभर लावल्या, तर पोत्यांचेच ५०० किलो, स्लॅबसह ८००. सळ्या व काँक्रीटच्या ताकदीतही राखण ठेवलेली असते, म्हणून स्लॅब सहसा लगेच पडत नाही. पण कोकणच्या दमट हवेत गंजलेल्या सळ्या ती राखण खाऊन टाकतात. गच्चीचा पाइप पाल्याने तुंबून २० सेंमी पाणी साचले, तरी चौरस मीटरला २०० किलो होतात.

भार कोठे आहे, हेही पाहावे लागते. तेवढेच वजन पसरण्याऐवजी मध्यावर एका ओळीत रचले, तर दोन भिंतींवरच्या स्लॅबला वाकवणारा परिणाम दुप्पट होतो. लांब लाकडी पट्टी दोन विटांवर ठेवून हे वर्गात करून पाहा. पट्टीचा झोळ मात्र दुप्पट नव्हे, १.६ पट भरेल. झोळ आणि वाकवणारा परिणाम या वेगळ्या राशी आहेत. तेव्हा पोती भिंतीलगत, कमी उंचीची रचावीत, गॅलरीत नकोतच. ती आपटूही नयेत. जमिनीला टेकवून एकदम सोडलेले वजनसुद्धा क्षणभर दुपटीने जाणवते.

पूर ओसरल्यावर माल खाली उतरवावा. महिनोन्महिने भाराखाली राहिलेले काँक्रीट हळूहळू वाकत जाते, आणि भार काढल्यावरही त्या झोळाचा बराच भाग तसाच राहतो.