नावेचा हिवाळा पावसाळ्यात येतो!

के. आर. पुरमचा हँगिंग ब्रिज पाहिलाय ना? बंगळुरूत राहणाऱ्या मराठी मुलांनी तो बसमधून नाहीतर रेल्वेच्या खिडकीतून कधी ना कधी पाहिलेला असतोच. पुढच्या वेळी त्याच्या उंच खांबाकडे आणि त्यावरून तिरप्या खाली उतरलेल्या जाडजूड तारांकडे नीट बघा. शिडाच्या मोठ्या नावेची डोलकाठी अशीच तारांच्या आधाराने उभी असते. खांब दाब सोसतो आणि तारा ताण सोसतात. पुलावर ओझं असतं गाड्यांचं, नावेवर जोर असतो वाऱ्याचा. समुद्र आपल्यापासून तीन-साडेतीनशे किलोमीटर दूर, आपण त्याच्याहून जवळजवळ ९०० मीटर उंचावर, आणि तरी नावेचं एक मोठं गुपित आपल्या वाटेवर उभं आहे!

आता गोव्याला चला. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर ‘तारिणी’ नावाची शिडाची नाव बांधली गेली. ती आपल्या नौदलाची. लांबी १७ मीटर आणि डोलकाठीची उंची सुमारे २५ मीटर. म्हणजे नाव जेवढी लांब, त्याहून तिची डोलकाठीच उंच! मग ती उलटत कशी नाही? कारण तिच्या तळाखाली, पाण्यात खोलवर, भरपूर वजन बसवलेलं असतं. वारा नावेला एका कुशीवर झुकवतो आणि ते वजन तिला पुन्हा सरळ करायला बघतं.

१० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच साथीदार, सगळ्या नौदलातल्या अधिकारी, या तारिणीतून गोव्याहून निघाल्या. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यात परतल्या. सहा जणींचं घर केवढं, तर १७ मीटरचं. तेही सतत कलतं आणि हलतं.

अशा घरात चहा कसा करायचा? शेगडी पक्की बसवली, तर नाव कलली की भांडंही कलणार आणि उकळता चहा अंगावर येणार. म्हणून अशा नावांवर शेगडी दोन बाजूंना खिळीवर टांगतात. नाव डावीकडे झुको की उजवीकडे, शेगडी आपली सपाटच. झोपायच्या फळीलाही बाजूने कापड ताणून बांधतात, नाहीतर झोपेतच गडगडायचं! आणि रात्री सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. पाळ्या लावायच्या, कुणीतरी सुकाणूपाशी जागं हवंच. वर डेकवर जाताना कमरेचा पट्टा दोरीने नावेला अडकवायचा. प्रशांत महासागरात या सहा जणींना ताशी ११० किलोमीटरहून जोराचा वारा आणि सात मीटर उंचीच्या लाटा भेटल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसला थांबावं लागलं. मला या सफरीतलं सगळ्यात मोठं शौर्य त्या रोजच्या देखभालीत दिसतं. भर समुद्रात मेकॅनिक कुठून येणार?

पण नाव सफरीवर नसते तेव्हा काय करते? फिनलंड, स्वीडनसारख्या देशांत थंडीत बंदरंच गोठतात. म्हणून थंडी पडायच्या आधी लोक नावा क्रेनने जमिनीवर उचलून ठेवतात. नळ, टाक्या, इंजिन यांतलं पाणी काढून टाकतात. का? पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतो आणि ती मिळवण्यासाठी लोखंडी इंजिनालाही तडा देतो. आपल्याला ही भीती नाही. बंगळुरूचं नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे, तेही १८८४ सालचं.

आपल्या कोकणातल्या नावांचा ‘हिवाळा’ येतो जूनमध्ये. समुद्र खवळतो. शिवाय माशांच्या विणीसाठी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मग तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, आणि खलाशी मिळून नावा वाळूवर ओढून घेतात. खाली ओंडके लावतात, वर झापांनी नाहीतर प्लॅस्टिकने शाकारतात. शीड गोड्या पाण्याने धुऊन वाळवतात, कारण कापडात मीठ राहिलं की ते हवेतला ओलावा खेचत राहतं आणि मग बुरशी धरते.

लाकडी नावेला हे जमिनीवरचे महिने फार मोलाचे. तिचा एक छुपा शत्रू आहे, जहाजकिडा. दिसतो अळीसारखा, पण खरं तर तो शिंपल्यांचा भाऊबंद! अगदी चिमुकला असताना तो लाकडात शिरतो, म्हणून बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढंच भोक दिसतं. आत मात्र तो डोक्यावरच्या दोन धारदार शिंपल्यांनी लाकूड किसत लांबलचक बोगदा खणतो आणि त्याला आतून चुन्याचं अस्तर लावतो. नाव पाण्याबाहेर काढली की पठ्ठ्या काय करतो? शेपटीकडच्या दोन छोट्या झडपांनी भोक बंद करतो आणि आत दबा धरून बसतो. काही आठवडे तग धरू शकतो! म्हणून दोन-चार दिवस नाव वर काढून भागत नाही. पण महिनोन् महिने समुद्राचं पाणी मिळालं नाही, तर त्याचा निभाव लागत नाही.

मग नाव खरवडायची, चिकटलेले शिंपले काढायचे, फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ-तेलाचा लेप द्यायचा. इतकं करूनही पाण्यात उतरल्यावर लाकडी नाव कधी कधी थोडी झिरपते. घाबरू नका! वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि उरलेल्या बारीक फटी आपोआप मिटतात.

पावसाळ्याआधी नावा सुरक्षित ठेवायचं हे शहाणपण जुनं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक अख्खं प्रकरण आहे. समुद्र खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार पावसाळ्याच्या छावणीला न्यावं, आणि दर वर्षी एकाच बंदरात नेऊ नये, असं त्यात बजावलंय.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि रंगवलेल्या नावा पुन्हा पाण्यात उतरू लागतात. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ रत्नागिरीला, मालवणला किंवा अलिबागला असेल, तर पावसाळ्यात वाळूवरच्या नावेपाशी जरूर जा. मात्र तांडेलकाकांना विचारल्याशिवाय वर चढू नका. लाकडी नाव असेल तर फळीवर टाचणीएवढी भोकं शोधा, आणि काय सापडलं ते चित्र काढून आम्हाला कळवा.