खोटा दात खरा कसा दिसतो?

आरशासमोर उभे राहून आपला पुढचा एक दात नीट न्याहाळा. दात पांढरे असतात असे आपण म्हणतो खरे, पण त्यात एकच रंग दिसणार नाही. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, मध्यभागी फिकट होतो आणि चावण्याच्या कडेला किंचित निळसर, दुधी काचेसारखा वाटतो.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. वरचे आवरण इनॅमलचे. ते अतिशय कठीण, पण अर्धपारदर्शक असते. त्याच्या आत पिवळसर रंगाचे डेंटिन असते. प्रकाश इनॅमलमधून आत शिरतो, डेंटिनवर विखुरतो आणि परत बाहेर येतो. हिरडीजवळ इनॅमल पातळ असल्याने तेथे पिवळेपणा जास्त जाणवतो. टोकाला डेंटिन जवळजवळ नसतेच, म्हणून तेथे पारदर्शकपणा दिसतो. म्हणजे दाताचा रंग पृष्ठभागावर नसून त्याच्या खोलीत आहे. एकरंगी प्लास्टिकचा दात कितीही गुळगुळीत केला तरी खोटा वाटतो, तो यामुळेच.

ॲक्रिलिक कोठून आले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळीचा पाया कडक रबराचा, म्हणजे व्हल्कनाइटचा करीत. ते टिकाऊ होते, पण त्याचा गडद रंग हिरडीशी जुळत नसे. १९३३ मध्ये जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने 'प्लेक्सिग्लास' या नावाने काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक बाजारात आणले. त्याचे रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. यालाच आपण ॲक्रिलिक म्हणतो. त्याच दशकात ते कवळ्यांसाठी वापरले जाऊ लागले. त्यात हवा तो रंग मिसळता येतो, ते हलके असते आणि तुटल्यास दुरुस्त करता येते.

कवळी करताना ॲक्रिलिकची पावडर आणि द्रव एकत्र करून कणकेसारखा गोळा करतात. साधारणपणे तीन भाग पावडरीला एक भाग द्रव घेतात. नुसता द्रव घट्ट होऊ दिला तर त्याचे आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटते. पावडर मिसळल्याने हे आकसणे बरेच कमी होते. मग तो गोळा साच्यात दाबून हळूहळू तापवतात. घाई केली तर आतला द्रव उकळून बुडबुडे धरतात आणि कवळी कमजोर होते.

थरांची युक्ती

आपल्याकडची दुरंगी बर्फी आठवा. पहिला थर मऊ आहे तोवर दुसरा थापला, तर दोन्ही एकजीव होतात. बहुथरी ॲक्रिलिक दाताचेही तसेच आहे. आत डेंटिनच्या रंगाचा, प्रकाश अडवणारा थर. त्यावर इनॅमलसारखा अर्धपारदर्शक थर. दोन्ही थर एकाच जातीच्या द्रव्याचे असल्याने सांध्यात त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थर सहसा सुटत नाहीत. थरांची सीमा सरळ रेषेत न ठेवता वरखाली ठेवतात, म्हणजे रंग नकळत बदलतो.

आता संगणकाच्या मदतीनेही असे दात कोरतात. त्यासाठी ॲक्रिलिकची जाड चकती तयार मिळते. तिच्यात खालून वर गडद ते फिकट अशा छटा आधीच बसवलेल्या असतात. तंत्रज्ञ दाताचे चित्र चकतीत योग्य उंचीवर बसवतो आणि यंत्र तो कोरून काढते. दात थोडा वर किंवा खाली धरला तरी रंग बदलतो.

रंग जुळवण्यासाठी दंतवैद्य छटांची पट्टी वापरतात. १९५६ पासून प्रचारात असलेल्या व्हिटा पट्टीत १६ छटा आहेत. साडी घेताना आपली आई ती दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहते ना? दाताचेही तसेच. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. शिवाय तोंड बराच वेळ उघडे राहिले तर दात कोरडा पडून जास्त पांढरा दिसतो, म्हणून रंग सुरुवातीलाच पाहावा लागतो.

पालकांसाठी

दिसणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्रिलिक इनॅमलपेक्षा खूपच मऊ असल्याने ते झिजते आणि चहा, हळद यांचे डाग धरते. म्हणून ॲक्रिलिकची टोपी बहुधा तात्पुरती असते. कायमची टोपी सिरॅमिकची किंवा धातूवर सिरॅमिक चढवलेली करतात. आपल्याला दिलेली टोपी तात्पुरती की कायमची, हे पैसे देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे.

खेळताना पुढचा दात गमावलेल्या मुलाला मात्र हा तात्पुरता दात फार मोलाचा असतो. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत. तोवर काढता-घालता येणारा ॲक्रिलिक दात ती जागा राखतो आणि मूल वर्गात तोंडावर हात न धरता बोलू लागते. असा दात खेळताना व झोपताना काढून ठेवावा. तो चुकून गिळला गेला तर ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही.

कवळी कोमट किंवा गार पाण्याने धुवावी, उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, ती वेडीवाकडी होते. रात्री साध्या पाण्यात ठेवावी. रस्त्यावर बसून ॲक्रिलिकने शेजारच्या दातांना दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नये. तेथे अन्न अडकते, हिरड्या सुजतात आणि चांगले दातही हलू लागतात. नोंदणीकृत दंतवैद्याकडेच जावे.

आणि खरा दात वाचवता आला तर?

मैदानावर पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या भागाने धरावा, मूळ घासू नये, दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. अनेकदा तो पुन्हा बसवता येतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत. क्रीडाशिक्षकांना ही माहिती असावी आणि प्रथमोपचार पेटीजवळ ती लिहून लावावी, अशी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. माणसाने थर लावून कितीही सुंदर दात घडवला, तरी निसर्गाने दिलेल्या दाताची सर त्याला नाही.