लेसरनंतरचे दोन तास

आमच्या मातोश्रींच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून तीन वर्षे लोटली होती. शस्त्रक्रियेनंतर त्या पोथी विनासायास वाचू लागल्या होत्या. परंतु गेल्या दिवाळीपासून अक्षरांवर पुन्हा धुके दाटू लागले. “मोतीबिंदू परत आला,” असे त्यांनी ठरवूनच टाकले. इंदूरच्या नेत्रतज्ज्ञांनी मात्र हा गैरसमज दूर केला. मोतीबिंदू परत येत नसतो. नैसर्गिक भिंग काढताना त्याचे पातळ आवरण मागे ठेवतात व त्यातच कृत्रिम भिंग बसवितात. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी त्या आवरणाची मागील बाजू गढूळ होऊ शकते. ‘याग’ लेसरने तीत लहानशी खिडकी पाडली, की प्रकाशाची वाट मोकळी होते.

काम काही मिनिटांतच आटोपले आणि मातोश्री चपला शोधू लागल्या. “आजी, अजून दोन तास बसायचे आहे,” डॉक्टर म्हणाले. आम्हांलाही तो वेळेचा अपव्ययच वाटला. दोन तासांनी नेत्रदाब मोजला, तो ३४ भरला! सर्वसाधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. घरी निघून गेलो असतो, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

असे का व्हावे? डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. मोरीच्या जाळीत भाताची शिते अडकावीत, तसे फुटलेल्या आवरणाचे कण तेथे अडकतात. दाब बहुधा पहिल्या काही तासांत चढतो व दिवसभरात ओसरतो. तथापि काचबिंदू असलेल्यांच्या दृष्टीच्या मज्जातंतूस तेवढ्यानेही इजा पोहोचू शकते. मातोश्रींना काचबिंदू होता, आणि ‘आज लेसर, तेव्हा थेंब नकोत’ अशा समजुतीने त्या सकाळचे नेहमीचे औषध आम्हीच चुकविले होते!

डॉक्टरांनी ब्रिमोनिडिनचे थेंब घातले, ॲसिटाझोलामाइडची गोळी दिली. सायंकाळी दाब २२ वर आला, दुसऱ्या दिवशी १७ वर.

आमच्या चुकीवरून वाचकांनी एवढे ध्यानी धरावे. काचबिंदूचे थेंब स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दमा असल्यास तो आधी सांगावा, कारण टिमोलॉलसारखे थेंब दमेकऱ्यास घातक ठरतात. सल्फा औषधांचे वावडे वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तोही सांगावा. ॲसिटाझोलामाइड तेव्हा धोक्याचे ठरू शकते. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात व लघवी वारंवार होते, म्हणून घाबरू नये. सूज उतरविणारे स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या दिवसांपलीकडे चालवू नयेत. त्यांनीही काहींचा दाब वाढतो. डोळा ठणकला, उलटी झाली, दिव्यांभोवती वलये दिसली, किंवा डोळ्यापुढे विजा चमकून पडदा सरकल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मातोश्रींची पोथी पुन्हा सुरू झाली आहे. थेंबांची वेळ आता आम्ही दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो, आणि त्यावर खूण मात्र त्या स्वतःच करतात.