हापूस, ब्रुसेल्स आणि सार्वभौमत्व: काही गैरसमज

‘२०१४ साली इंग्लंडने आपला हापूस बंद केला’ हे वाक्य कोकणात आजही ऐकू येते. वेळणेश्वर, हेदवी, गुहागर या पट्ट्यातल्या बागायतदाराला ते साल विसरता येत नाही, कारण ऐन हंगामात, १ मेपासून, बंदी लागू झाली. पण बंदी घालणारा देश इंग्लंड नव्हता. ती घातली युरोपीय संघाने. भारतातला आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांना संघाच्या सगळ्या देशांत मज्जाव झाला.

ब्रिटन तेव्हा संघाचा सदस्य होता आणि युरोपातला आपल्या आंब्याचा सर्वांत मोठा ग्राहकही. लेस्टरच्या भारतीय दुकानदारांनी आवाज उठवला. तिथले खासदार कीथ वाझ, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले, यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्याकडे दाद मागितली. तरीही ब्रिटनला एकट्याने बंदी उठवता आली नाही. कारण साधे आहे. संघातल्या देशांनी आपापसातले जकातनाके काढून टाकले आहेत. लंडनला उतरलेली पेटी पुढे स्पेनपर्यंत जवळपास विनाअडथळा जाऊ शकत होती. आतली दारे उघडी ठेवायची, तर बाहेरच्या दाराचा नियम सगळ्यांनी मिळून ठरवावा लागतो. सार्वभौमत्वाचा एक तुकडा देऊन मोठी बाजारपेठ मिळवायची, हा तो व्यवहार.

‘युरोपने स्वतःच्या शेतकऱ्यांना वाचवण्यासाठी आपला आंबा अडवला’ असेही म्हटले जाते. आंब्यापुरते ते पटण्यासारखे नाही. स्पेनचा दक्षिण किनारा आणि आणखी थोडी ठिकाणे सोडली तर युरोपात आंबा होतो कुठे? भीती होती फळमाशीची. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ही माशी तिकडे रुजली तर टोमॅटो-काकडीसारखी पिके धोक्यात येतील, असा त्यांचा हिशेब होता. फळमाशी काय करते हे आपल्या बागायतदाराला सांगायला नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा तिच्यासाठीच तर बागेत टांगतात. पुढे भारताने निर्यातीपूर्वीची तपासणी आणि पॅकहाऊसमधली प्रक्रिया कडक केली, आणि जानेवारी २०१५ मध्ये संघाने आंब्यावरची बंदी मुदतीआधीच उठवायचे ठरवले. भाज्या मात्र आणखी काही काळ बाहेरच राहिल्या.

आता मोठा गैरसमज. ‘असा संघ म्हणजे नव्या नावाचे साम्राज्य.’ गोपाळ कृष्ण गोखले याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १९०५ च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी साम्राज्याच्या चौकटीतच, पण इतर वसाहतींना होते तसे स्वशासन मागितले. आपल्यावर काय लादायचे हे ठरवणाऱ्या लंडनच्या संसदेत भारताला मत नव्हते, आणि बाहेर पडण्याचा मार्ग कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. युरोपीय संघात दोन्ही आहे. साडेपाच लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या माल्टाला युरोपीय संसदेत ६ जागा आहेत. परराष्ट्र धोरण किंवा करांसारख्या विषयांत एकमत लागते, त्यामुळे तेवढासा देशही सत्तावीस जणांचा निर्णय अडवू शकतो. बाहेर पडण्याची वाट लिस्बन करारात कलम ५० म्हणून लिहिलेली आहे. ती लिहिली जाण्याआधीही ग्रीनलंड १९८५ मध्ये तेव्हाच्या युरोपीय समुदायातून, म्हणजे संघाच्या आधीच्या रूपातून, बाहेर पडले, तेही मासेमारीवरून. आपल्या पाण्यातली मासळी कोणी किती धरायची हे ब्रुसेल्सने, म्हणजे समुदायाच्या मुख्यालयाने ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते. ग्रीनलंडची वस्ती आपल्या गुहागर तालुक्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

याचा अर्थ टीका खोटी आहे असे नाही. ग्रीसच्या जनतेने ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात कर्जदारांच्या अटी ६१ टक्के मतांनी नाकारल्या आणि काही दिवसांतच त्यांच्या सरकारला तशाच कडक अटी स्वीकाराव्या लागल्या. स्वतःचे चलन सोडून युरो घेतलेल्या देशाकडे संकटात हातपाय हलवायला जागा उरत नाही, हे तिथे उघड झाले. माझ्या मते युरोपीय संघावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. पण डेन्मार्क आणि स्वीडन संघात राहूनही आपापले क्रोन-क्रोना चालवतात. ‘संघात गेले की सगळेच गेले’ हेही त्यामुळे खरे ठरत नाही. सैन्य, शाळा, नागरिकत्व, आयकर हे मुख्यतः देशांच्याच हातात आहे.

नागरिकत्वावरून गोव्याची गोष्ट आठवते. गोवेकर थेट ‘ब्रिटिश’ होऊन इंग्लंडात स्विंडनला गेले, असा समज आहे. ते गेले पोर्तुगीज पासपोर्टवर. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल नागरिकत्व देते. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला आणि पुढे त्या पासपोर्टला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क चिकटला. त्यासाठी भारतीय नागरिकत्व मात्र सोडावे लागते. ब्रिटन बाहेर पडल्यावर हा हक्क नव्याने जाणाऱ्यांसाठी संपला.

‘बाहेर पडले की सार्वभौमत्व पूर्ण परत मिळते’ असे २०१६ च्या सार्वमतात अनेक ब्रिटिशांना वाटले होते. ५१.९ टक्क्यांनी कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला. पण उत्तर आयर्लंडमध्ये मालाविषयीचे बरेच युरोपीय नियम चालूच राहिले. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये झालेल्या समझोत्यात ब्रिटनने युरोपीय नौकांना आपल्या समुद्रातला प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून दिला. त्याच समझोत्यात अन्न, प्राणी आणि वनस्पतींच्या आरोग्याबाबत युरोपचे नियम, ते बदलतील तसे, पाळत राहण्याच्या करारालाही तत्त्वतः मान्यता दिली. हे नियम ठरताना ब्रिटनला म्हणणे मांडता येईल, मत मात्र देता येणार नाही. संघाबाहेर राहून बाजार हवा असणाऱ्या नॉर्वेची अनेक वर्षे हीच स्थिती आहे.

‘हे सगळे युरोपचे, आपला काय संबंध?’ असे विचारणाऱ्याने वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहावे. भारताच्या १९७६ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण सार्वभौमत्व १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत. तेवढ्या पट्ट्यातल्या मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. त्यापुढे २०० मैलांपर्यंत मासळी आणि खनिजांवर हक्क भारताचा, पण परदेशी जहाजांची ये-जा आपल्याला अडवता येत नाही. जगाने मिळून केलेल्या सागरी कायद्याच्या कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली, ती ही देवघेव आपल्या फायद्याची होती म्हणूनच. घराजवळचे उदाहरण जीएसटीचे. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, आणि कराचे दर आता जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. राज्ये सार्वभौम नाहीत हे खरे, पण स्वतःचा कराधिकार सामाईक टेबलावर ठेवण्याचा प्रश्न तोच आहे.

म्हणून सार्वभौमत्व गेले की राहिले, एवढ्यावर वाद घालू नये. कोणता अधिकार दिला, बदल्यात काय मिळाले आणि निर्णयाच्या टेबलावर आपली खुर्ची आहे का, हे प्रत्येक कराराला विचारावे. आंब्याच्या बाबतीत युरोपच्या टेबलावर आपली खुर्ची नाही, ब्रिटनचीही आता नाही. ब्रिटनचा तो करार अमलात आला की लंडनच्या पेटीलाही वनस्पती-आरोग्याचे ब्रुसेल्सचेच नियम लागतील. परदेशात आंबा पाठवणाऱ्या बागायतदारांनी ‘मँगोनेट’ या निर्यात-बागांच्या यंत्रणेतली नोंदणी आणि फळमाशीचे सापळे, दोन्हींत या हंगामापासून खंड पडू देऊ नये.