चैत्रातली पालं आणि पक्के बसलेले गैरसमज

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटन-अमेरिकेत काही मंडळी मुलाबाळांसह माळावर तंबू ठोकतात. रात्री जाळ करतात, रंगीत फिती बांधलेल्या उंच खांबाभोवती फेर धरतात, ढोल बडवतात आणि वसंताचं स्वागत करतात. ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या निसर्गदेवतांना मानणारे हे लोक. त्यांच्या चित्रफिती बघून पुण्या-मुंबईतले आपले लोक हळहळतात की आपल्याकडे असं सहकुटुंब, उघड्या आभाळाखालचं काही का होत नाही!

इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात ही हळहळ बोलून दाखवली तर लोक आधी चहा पाजतील आणि मग हसतील. बावडा इंदापूर-अकलूज रस्त्यावर आहे. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाते ती याच गावातून, त्यामुळे माळावर पालं पडणं, तीन दगडांच्या चुली पेटणं, हजारो माणसांना पाणी पुरवणं यात इथे कोणाला नवल वाटत नाही. पण वारी पावसाळ्यातली. वसंतातला मुक्काम वेगळा, आणि त्याची वाट सराटीला नीरा ओलांडून अकलूज, माळशिरस, नातेपुते अशी दक्षिणेला डोंगराकडे जाते. पाडवा झाला की पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांतून कावडी, गाड्या, टेम्पो आणि चालणारी माणसं शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाकडे निघतात. या यात्रेबद्दल आणि एकूणच चैत्रातल्या जत्रांबद्दल शिकल्यासवरलेल्या घरांतही जे समज पक्के बसलेत, त्यांची थोडी झाडाझडती घ्यायला हवी.

गैरसमज : शिंगणापूर म्हणजे शनीचं.

ज्या गावातल्या घरांना दारं नाहीत म्हणून सांगतात ते शनिशिंगणापूर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात आहे. शिखर शिंगणापूर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. यादव राजा सिंघण याच्या नावावरून या दुसऱ्या गावाचं नाव पडलं असं मानतात. भीमा-नीरेचं खोरं आणि कृष्णेचं खोरं यांच्यामध्ये आडवी पडलेली जी डोंगररांग भूगोलाच्या पुस्तकात ‘शंभू महादेव’ म्हणून येते, तिचं नाव याच देवावरून. भोसले घराण्याचं हे कुलदैवत. एवढं असूनही समाजमाध्यमांवर शिखराच्या फोटोखाली शनीचा जयजयकार असतोच.

गैरसमज : महादेवाचं लग्न महाशिवरात्रीला लागतं.

पुष्कळ ठिकाणी तसं मानतात, पण शिखरावर नाही. इथे माघ वद्य चतुर्दशी येऊन गेल्यावर महिनाभराने, चैत्रात लग्नघर सजतं. चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते आणि अष्टमीला रात्री लग्न. त्याआधी महादेवाच्या मंदिराच्या शिखरापासून बळी महादेवाच्या मंदिराच्या शिखरापर्यंत एक लांबलचक कापडी ध्वज बांधतात. तो विणून आणण्याचा मान लातूर जिल्ह्यातल्या भातांगळी गावचा. माणदेशातल्या देवाच्या लग्नाचं कापड मराठवाड्यातून येतं, हे मला या सोहळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. लग्न म्हटलं की सोयरे आलेच, आणि सोयरे लांबचेच असायला हवेत.

लग्नानंतर एकादशी, मग द्वादशी. चैत्री एकादशीला पंढरपुरातही वारी असते, वर्षातल्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक. त्या दिवशी विठ्ठलाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवण्याची परंपरा आहे, आणि तिचा धागा लोक शिखरावरच्या लग्नाशी जोडतात. एकादशीला पुरणपोळी! शैव आणि वैष्णव एकमेकांचं तोंड बघत नव्हते असं शाळेत ठासून शिकवलेल्यांनी हा नैवेद्य ध्यानात ठेवावा.

गैरसमज : कावडीची चाल उत्तरेकडून आली, ती हल्लीची आहे.

दूरदर्शनवर श्रावणातले हरिद्वारचे कावडिये पाहून हा समज पसरला. मराठी माणसाला कावड काही नवी नाही. काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतलं पाणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा घरोघरी सांगतात, आणि एकनाथ सोळाव्या शतकातले. उत्तरेत कावड बहुतेक करून एकेका माणसाची असते आणि ती श्रावणात गंगेचं पाणी नेते. शिखराची मोठी कावड गावाची असते. दोन बाजूंना मोठी तांब्याची भांडी, वर उंच काठ्या, झेंडे, कापडं, आणि तिचं ओझं इतकं की खांदे सतत बदलावे लागतात. ती ज्या नदीकाठची, त्या नदीचं पाणी तिच्यात असतं.

चैत्र शुद्ध द्वादशीला या कावडी मुंगी घाट चढतात. कोथळे गावाच्या बाजूने डोंगराचा हा कडा उभा येतो. नीट वाट नाही, पायऱ्या नाहीत, पायाखाली सुटे दगड आणि एप्रिलचं ऊन. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात. वरचे ओढतात, खालचे रेटतात, आणि मधल्यांनी कावड तोलून धरायची. चढ अवघड झाला की ‘म्हाद्या, धाव!’ अशी हाक उठते. देवाला एकेरीत, जवळच्या गड्यासारखी हाक मारण्याची ही रीत बघून नव्या माणसाला धक्का बसतो, पण देवही ऐकून घेत असावा, कारण शतकानुशतकं कोणी तक्रार केलेली नाही. सगळ्यांच्या शेवटी चढते ती सासवडच्या भुतोजीबुवा तेली यांची मानाची कावड, कऱ्हेचं पाणी घेऊन. लोकांच्या तोंडी ती ‘तेल्या भुत्याची कावड’. ती वर पोचून देवाला पाणी पडलं की यात्रेचा मुख्य भाग संपला.

पाणी कशासाठी, याचं उत्तर ऊनच देतं. उन्हाळ्यात पिंडीवर गळती बांधायची रीत घरच्या देव्हाऱ्यापासून मोठ्या देवळापर्यंत सगळीकडे आहे. माण, इंदापूर, बारामतीचा जिरायती पट्टा, हा सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. इथला पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर अडतो, देवाच्या नाराजीमुळे कमी पडत नाही. पण पाणी दुर्मीळ आहे म्हणूनच ते खांद्यावरून डोंगरावर नेण्याला मोल आहे. भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा ब्रिटिश अमदानीत झाला, तेव्हापासून बारामती-इंदापूरच्या काही भागात ऊस आला. माण मात्र कोरडाच राहिला. नीरेकाठच्या माणसाने पाणी घेऊन माणदेशात जाणं या नकाशावर ठेवून पाहिलं तर ते निव्वळ कर्मकांड वाटत नाही.

मोठमोठ्या यात्रांच्या नियोजनाचं शास्त्र आपण परवा शिकलो, हा असाच आणखी एक भ्रम. शिखरावर यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून मालोजीराजे भोसल्यांनी १६०० सालाच्या सुमारास तिथे तळं बांधलं. शिवाजी महाराजांच्या आजोबांचं हे काम गड-किल्ल्यांच्या गर्दीत कोणाच्या फारसं लक्षात राहत नाही.

गैरसमज : हे सगळं अनादि काळापासून जसंच्या तसं चालत आलंय.

हा समज श्रद्धाळू आणि टीकाकार दोघांनाही सोयीचा आहे. एकाला त्यात सनातन परंपरा दिसते, दुसऱ्याला रानटी अवशेष. वर ज्या तंबूवाल्या वसंतोत्सवाचा उल्लेख केला, त्यांच्याबाबतही असंच होतं. त्यांच्या वर्षातले आठ सण फार प्राचीन आहेत असं त्यांच्यातलेच अनेक जण मानतात. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने दाखवून दिलं की त्यातले काही सण जुने असले तरी आठांचं हे एकसंध चक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये बसवलं गेलं. एडिंबरा शहरात ३० एप्रिलच्या रात्री होणारा गाजलेला अग्नीचा उत्सव तर १९८८ साली सुरू झाला. म्हणून तो खोटा ठरत नाही; फक्त त्याचं वय कळतं.

शिखराचा इतिहास रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या पुस्तकात शोधला आहे. दक्षिणेतून आलेली माणसं, त्यांनी आणलेला देव आणि भोसल्यांचं मूळ यांची सांगड ते घालतात. त्यांचं म्हणणं सर्वांना मान्य नाही, पण देवसुद्धा स्थलांतर करतात, राजवटीबरोबर त्यांचे मान-पान बदलतात, हे त्यातून नीट कळतं. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या मागे माळांवर हिंडले आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्याबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्यातही हेच दिसतं. मेंढरं जिथे चरायला गेली तिथे देव गेला. या भागातलं गजीनृत्य त्याच माळावरचं. ढोल आणि झांजांच्या तालावर, हातात रुमाल घेऊन धनगर गोल फेर धरतात. म्हातारा आणि नातू एकाच फेरात असतात. परदेशी उत्सवात ढोल वाजवायला शिकवण्याचे खास वर्ग असतात म्हणे. इथे शिकवणी नाही, चुकलं तर शेजारचा कोपर मारतो.

गैरसमज : जत्रा म्हणजे कोंबडी-बकरी, दारू आणि तमाशा.

शंभू महादेवाचा नैवेद्य गोडाचा. गावच्या भैरवनाथाच्या किंवा देवीच्या जत्रेत मात्र अनेक ठिकाणी दोन दिवसांची सरळ वाटणी असते. पहिला दिवस पुरणपोळीचा आणि दुसरा तिखटाचा. भैरवनाथाला स्वतःला मांस चालत नाही, ते त्याच्या सेवकांसाठी, असं पुष्कळ गावांत सांगतात. पाहुण्यांना मात्र ते चालतं आणि पाहुणे दुसऱ्याच दिवशी जास्त येतात, हेही खरं. तमाशाचे फड यात्रेच्या हंगामावरच जगतात. चैत्र-वैशाखात त्यांच्या वर्षाची कमाई होते. त्यात कमीपणा शोधणाऱ्यांनी एकदा वगनाट्य शेवटपर्यंत बघावं.

दारूचा प्रश्न मात्र खरा आहे. तो झाकून यात्रेची बाजू मांडण्यात अर्थ नाही.

गैरसमज : बैलगाडा शर्यतीवर बंदी आहे, किंवा उलट, आता सगळं मोकळं आहे.

दोन्ही चूक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हा प्रशासनाची परवानगी मात्र लागतेच, आणि बैलांना इजा केली तर तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. शेपटी पिरगाळणारे, चाबूक ओढणारे अजून दिसतात. त्यांना परंपरेचे रक्षक म्हणणं मला जमत नाही.

बगाडाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण नावातल्या सारखेपणामुळे घोटाळा होऊ शकतो. बगाडासाठी प्रसिद्ध गाव बावडा नव्हे, वाईजवळचं बावधन. तिथे रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड कृष्णाकाठच्या सोनेश्वरहून गावात येतं. पूर्वी अशा प्रथांत पाठीत गळ टोचत. बावधनात आता बगाड्याला उंच लाकडावर कापडाने बांधतात, आणि भलामोठा गाडा बैलांच्या जोड्या ओढतात. कोल्हापूर जिल्ह्यातला गगनबावडा आणखी तिसरा. तिथे पाऊस इतका की माणदेशी माणसाला हेवा वाटावा.

गैरसमज : लहान मुलांना घेऊन जाण्याजोगी ही जागा नाही.

मुंगी घाटाच्या कड्यावर नाही, हे खरं. तिथे कावडीची माणसं वर्षानुवर्षं चढलेली असतात, आणि तरीही दगड निसटतात. हौस म्हणून मूल खांद्यावर घेऊन त्या साखळीत शिरू नये. त्यात भक्ती नाही, निष्काळजीपणा आहे. पण शिखरावर जायला गाडीरस्ता आहे, पायऱ्यांची वाट आहे, आणि खाली कोथळ्याच्या बाजूने कावडी चढताना दिसतात. बहुतेक कुटुंबं तेच करतात. सावलीला पाल, दुपारी पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मग मुलांना रेवड्या, गोडीशेव आणि पाळणा. पालात चूल पेटवायची तर वाऱ्याची दिशा बघून, पालापासून लांब. पाणी घरून न्यावं. टँकर येतो, पण रांगही येते. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, कारण गर्दीत हात सुटतो तो पोलिसांच्या ध्वनिक्षेपकाशिवाय सापडत नाही.

आणि तारखेचं. दरवर्षी कोणीतरी इंग्रजी तारीख लक्षात ठेवून जातं आणि रिकामा माळ बघून परततं. चैत्र कधी मार्चच्या उत्तरार्धात सुरू होतो, कधी एप्रिलच्या मध्यापर्यंत सरकतो, त्यामुळे पंचांगात तिथी बघावी. फक्त लग्न बघायचं तर अष्टमीला मुक्काम करावा, कावडी बघायच्या तर द्वादशीला दुपारच्या आत कोथळ्यात पोचावं. लहान मुलं बरोबर असतील तर मी पहिला पर्याय निवडेन. लग्न रात्री लागतं, ऊन नसतं, आणि मुलं जागरणाला मोठ्यांपेक्षा जास्त तयार असतात. बावड्याकडच्यांना चैत्र चुकला तर वैशाख शुद्ध चतुर्दशीला नीरा-भीमेच्या संगमावरच्या नीरा नरसिंहपूरला नृसिंह जयंतीचा उत्सव आहेच, आणि ते घराच्या पुष्कळ जवळ आहे.